टोपीची कॉफी

आयुष्यभर लोकांना दारू पाजून स्वतः तिचा एक थेंबही जिभेला न लावलेला माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच आहे आणि ते माझे साडू आहेत. ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो की तक्रार म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. मी जुन्नरला शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हा साडू पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात बारच्या काउंटरमागे उभे होते. सासुरवाडीत मला कौतुकाने 'गुरुजी' म्हणत आणि त्यांच्याविषयी कुणी विचारलं की 'हॉटेलात आहेत' एवढंच सांगून विषय पीकपाण्यावर नेत. हॉटेलात म्हणजे भजी तळत असणार, असा बऱ्याच पाहुण्यांचा समज होता आणि तो दूर करायची घाई कुणालाच नव्हती. साडूंना तर मुळीच नाही. एकदा एका म्हाताऱ्याने त्यांना भज्याच्या पिठात सोडा किती घालायचा असं विचारलं, तर त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचार करून, "आपल्या चवीप्रमाणे," असं उत्तर दिलं.

निवृत्त होऊन ते आळ्याला परत आले. गावाबाहेर, कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जवळच त्यांचं घर आहे. घराशेजारी पगारातून घेतलेली थोडी जमीन, दोन म्हशी आणि कांदा साठवायची चाळ. इतकी वर्षं हे सगळं माझ्या मेव्हणीने, म्हणजे आमच्या अक्काने, एकटीने सांभाळलेलं. साडू आले ते हॉटेल अंगावर घेऊनच आले. डावा हात पाठीमागे दुमडलेला, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर 'आपण सांगाल तसं' असा भाव. म्हशीला तपासायला आलेल्या डॉक्टरला ते गोठ्याच्या दारात वाकून म्हणाले, "नमस्कार. आपल्याला काय घ्यायला आवडेल?" डॉक्टर म्हणाला, "आधी तिचं शेपूट धरा." साडूंनी शेपूट धरलं, पण तेही उजव्या हाताने. डावा पाठीमागेच. पंगतीला बसायचं म्हटलं की त्यांचा जीव कासावीस होतो. पत्रावळीवर हात ठेवून ते शेजाऱ्याच्या आमटीकडे बघत राहतात आणि ती अर्ध्यावर आली की उठून वाढायला धावतात. भाकरी वाढतील तर उजव्या बाजूने, खांद्यावर पंचा टाकून, आवाज न करता. पेला हातात आला की तो उजेडाकडे धरून पुसल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत, मग तो पेला स्टीलचा का असेना. आमच्या एका चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे, कुणी नवस बोलतंय, कुणी मयताची राहिलेली इच्छा आठवतंय. साडू पुढे झाले, पिंडाच्या बाजूला किंचित वाकले आणि झाडावर बसलेल्या कावळ्याला त्यांनी हात पुढे करून 'या, जागा आहे' अशी खूण केली. कावळा आला. तेव्हापासून तालुक्यातल्या आमच्या भावकीत दहाव्याला त्यांना आग्रहाचं बोलावणं असतं.

दारू न पिण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पुढे येणाऱ्या त्या पावसानंतर. साडू मूळचे निमगाव सावाचे. घरी मेंढरं. माझ्याही आजोबांकडे होती, पण आमच्याकडे ती कधीच सुटली. त्यांच्याकडे चालू होती. साडूंना मात्र लहानपणापासून मेंढरांचं वावडं नसलं तरी पायपिटीचं होतं. पुण्याला हॉटेलात काम मिळतंय म्हटल्यावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना देव्हाऱ्यापुढे उभं केलं आणि बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. "पोटासाठी चाललायस, जा. लोकांस्नी काय द्यायचं त्ये दे. तुज्या तोंडात जाता कामा न्हाई. आन ह्ये तुजं आन देवाचं, गावभर सांगत बसू नगं." थोरला भाऊ तेव्हा कळपाबरोबर रानात होता. त्यामुळे घरात हे ठाऊक असणारे दोघंच, आणि त्यातले आबा पुढे गेले.

न चाखता धंदा कसा केलात, असं मी विचारलं, तर साडू म्हणाले, "गुरुजी, पहिल्या घोटाला माणसाचा चेहरा खोटं बोलत नाही. दुसऱ्या घोटापासून तो सभ्यपणाने वागायला लागतो. पहिला घोट बघायचा." हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात आपण काही पीत असताना एक माणूस समोर हात पाठीमागे बांधून आपल्या भुवयांकडे एकटक बघत उभा आहे, हा अनुभव मुळीच छान नाही. माझ्या घशात पहिल्या वेळी जो ठसका बसला त्याचं कारण व्हिस्की नसून साडू होते.

तर ती कॉफी. हॉटेलात थंडीच्या दिवसांत ती फार खपायची आणि साडूंचा हात तिच्यावर विशेष बसलेला. तिचं कागदावरचं नाव आयरिश कॉफी. आळ्यात तिला टोपीची कॉफी म्हणतात, कारण काळ्या कॉफीवर पांढऱ्या मलईचा थर गांधीटोपीसारखा ताठ बसलेला असतो. परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी ती घरी करायला घेतली. निरोपाच्या वेळी हॉटेलने दिलेले दांडीचे ग्लास त्यांच्याकडे होते. आधी त्या ग्लासांत गरम पाणी ओतून ते तापवायचे, कारण 'थंड ग्लासात गरम कॉफी म्हणजे पाहुण्याला दारातूनच परत पाठवणं.' मग पाणी फेकून साखर, त्यावर कडक काळी कॉफी, साखर पुरती विरघळेपर्यंत हलवायची, आणि मग व्हिस्की. व्हिस्की ते आळेफाट्याच्या दुकानातून आणत. तिथे गल्ल्यासमोर लोक नावाचा पुकारा करून बाटली पिशवीत कोंबून निघतात, आणि हे बाटली उजेडाकडे धरून मागचं लेबल शेवटपर्यंत वाचत. मागची रांग ओरडायची, "ओ भाऊ, ग्रंथालय नाय हे!" इथवर सगळं ठीक होतं. खरा प्रश्न होता टोपीचा.

टोपीला लागते मलई, आणि घरातल्या सायीवर मालकी अक्काची. नवरा घरात व्हिस्कीची बाटली ठेवतो याबद्दल अक्काची तक्रार नव्हती. तो पीत नाही हे तिला ठाऊक होतं आणि बाटली देव्हाऱ्यापासून लांब होती, विषय संपला. पण साय म्हणजे तूप. रोजची साय डब्यात साठायची, आठवड्याला लोणी निघायचं, आणि ते तूप मुलीकडे, माझ्याकडे, सुनेच्या माहेरी ठरल्याप्रमाणे जायचं. त्यात साडूंना तापवलेल्या दुधाची जाड साय चालायचीच नाही. तिचे तुकडे पडतात, ती बुडते. त्यांना हवी न तापवलेल्या दुधावर आलेली कच्ची, पातळ मलई. कच्चं दूध घरात तसंच ठेवून द्यायचं, हे अक्काच्या मते गृहिणीच्या तोंडाला काळं फासण्यासारखं होतं. "दाजी, तुमीच सांगा," ती मला म्हणायची, "दारूचं मला काय न्हाई. पण ह्यो माणूस माझं तूप लोकांच्या मिशीला लावतोय." साडू त्यावर मान झुकवायचे. अक्का गोठ्यात गेली की हळूच चरवीवरची मलई काढायचे, ती एका स्वच्छ बाटलीत घालून झाकण लावायचे आणि अंगणात फेऱ्या मारत ती बाटली हलवत राहायचे. मलई घट्ट व्हायला हवी, पण लोणी होता कामा नये. चमच्याच्या पाठीवरून ओघळेल, पण थेंब होऊन पडणार नाही, इतकीच. मग चमचा उलटा धरून, त्याचं टोक ग्लासाच्या आतल्या कडेला टेकवून, श्वास रोखून ते ती मलई सोडायचे. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. एकदा त्याच क्षणी म्हैस हंबरली तर साडूंनी खिडकीतून तिच्याकडे अशा दुःखी नजरेने पाहिलं की ती बिचारी दिवसभर गप्प होती.

एवढं करून दिलेली ती कॉफी आम्ही कशी प्यायची, तर वरच्या गार मलईतून खालची गरम कॉफी ओठांना लागली पाहिजे. ढवळायचं नाही. मी पहिल्या वेळी ढवळली. सवयीने, चहासारखी. साडू नुसते आत गेले, आणि जेवायला बोलावलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाले. शेजारच्या कोंबड्यांच्या शेडवाल्याला त्यांनी मोठ्या हौसेने बोलावलं, तर त्याने खिशातून खारी काढली आणि टोपीत बुडवली. "राव, लई भारी लागतंय!" तो म्हणाला. साडूंनी मान झुकवून, "आभारी आहे," म्हटलं, पण पुढे वर्षभर त्यांनी त्याला फक्त चहा दिला.

आता थोरल्या भावाविषयी सांगायला हवं. तो निमगावात राहून मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की आमच्याकडचे कळप चाऱ्यासाठी माळशेज घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आत परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात रात्रीपुरता कळप बसवून घेतात, रानाला खत होतं आणि मेंढक्याला धान्य मिळतं. थोरल्या भावाचा कळप दरवर्षी आळ्यावरून जायचा. शेजाऱ्याच्या रानात बसायचा, त्याच्या पलीकडच्या रानात बसायचा, पण साडूंच्या रानात कधीही बसला नाही. दोघं भाऊ रस्त्यात भेटले तर थोरला म्हणायचा, "काय पावणं, बरं हाय का?" सख्ख्या धाकट्या भावाला पावणं! अहोजाहो करून! साडूही उत्तर द्यायचे, "आपल्या कृपेने." बघणाऱ्याला वाटावं, दोन घरंदाज माणसं लग्नाची बोलणी करतायत.

याचं मूळ आबांच्या मरणात होतं. आबा अचानक गेले. हॉटेलात फोन गेला तेव्हा कुणातरी बड्या घरच्या लग्नाची पार्टी चालू होती आणि फोन घेणाऱ्याने निरोप दिला तो पहाटे सगळं आवरल्यावर. साडू होते तसे स्टँडवर धावले. निमगावात पोचले तेव्हा चिता विझत आली होती. अंगात हॉटेलचा काळा कोट, आणि त्या कोटाला दारूचा दरवळ. थोरल्याने तो वास घेतला, वर्षानुवर्षं जे मनात होतं ते खरं ठरलं असं त्याला वाटलं, आणि सगळ्या भावकीसमोर तो एवढंच म्हणाला, "या पावणं. बसा. पाणी घ्या." साडूंनी पाणी घेतलं. तुम्ही काही बोलला का नाहीत, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "वास येत होता हे खरंच होतं, गुरुजी. त्यात नाही काय म्हणायचं?"

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन महिना उलटला होता. मी अक्काकडे काही कामासाठी गेलो आणि अवकाळी पावसाने तिथेच अडकलो. पाऊस म्हणजे धो धो नाही. बारीक, न थांबणारा, आणि त्याच्याबरोबर हाडात शिरणारा गार वारा. वीज गेलेली, दुधाची गाडी आलेली नाही, एसटीचा पत्ता नाही. दुपार कलताना शेडवाला डोक्यावर गोणपाट घेऊन आला आणि म्हणाला, "तुमच्या दादाचा कळप माझ्या खालच्या रानात हाय. बरोबरची मंडळी पुढं गेली, ह्येंचीच मागं राह्यली. कोकरं माना टाकायला लागलीत." म्हणजे गारठून मरायला लागली होती. लोकर भिजली की मेंढरू ते ओझं घेऊन उभं राहतं, आणि एकदा का बसलं की उठत नाही.

साडूंनी छत्रीही घेतली नाही. मी मागोमाग गेलो. उघड्या रानात, भोवती बांधलेल्या जाळीच्या आत, मेंढरं एकमेकांना चिकटून, माना खाली घालून उभी होती. थोरला भाऊ घोंगडं पांघरून बांधावर बसला होता, घोंगड्याच्या आत दोन कोकरं. बरोबरचा गडी एक मेलेलं कोकरू बाजूला नेऊन ठेवत होता. साडू बांधाखालीच उभे राहिले. हात, सवयीप्रमाणे, पाठीमागे.

"दादा, चाळ रिकामी आहे. कांदा गेलाय. वर पत्रा आहे, आत कोरडं आहे. कळप आत घ्या."

"नगं, पावणं. उघडंल आता."

"उघडायचं नाही हे. कोकरं मरतायत."

"मरत्यात ती माजी मरत्यात. तुमच्या दाराशी येऊन न्हाई मरायची." त्याने घोंगडं आवळून घेतलं. "तुमी जावा. भिजाल."

साडू वळले आणि घराकडे चालायला लागले. मला त्यांचा राग आला. आता तरी भांडा, म्हणावंसं वाटलं, हात धरून ओढा त्याला. घरात आल्यावर त्यांनी हात धुतले, डोकं पुसलं आणि गॅसवर पाणी ठेवून फळीवरून दांडीचा ग्लास काढला.

"आता?" अक्का म्हणाली.

"त्यांना काहीतरी गरम द्यायला हवं."

"मी चहा टाकते."

"चहा त्यांना कुणीही देईल," साडू म्हणाले.

अक्काने पदर खोचला. मग उठली, गाडी न आल्यामुळे सकाळपासून तशीच पडलेली दुधाची किटली तिने पुढे ओढली, पळीने वरची मलई काढली, बाटलीत भरली आणि पाटावर बसून दोन्ही हातांनी ती हलवायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. साडूंनीही पाहिलं नसावं, कारण साखर घालताना त्यांचा हात थांबला, आणि मला वाटतं त्याच गडबडीत एक चमचा जास्त पडला. मधून मधून अक्का बाटली डोळ्यांसमोर धरून विचारायची, "झाली का?" आणि साडू म्हणायचे, "अजून थोडी." शेवटी ते म्हणाले, "झाली," आणि चमचा उलटा करून त्यांनी टोपी बसवली. मी श्वास रोखून उभा होतो.

मग आम्ही निघालो. साडूंच्या हातात ट्रे, ट्रेवर एकच ग्लास, आणि मी मोठी काळी छत्री घेऊन, आमच्यावर नव्हे, त्या ग्लासावर धरून. चिखलातून पाय घसरत होते. साडू दोन्ही बाजूंना तोल सावरत होते, पण ट्रे असा सपाट, जणू हॉटेलच्या गालिच्यावरून चाललाय. बांधाशी पोचलो तेव्हा आम्ही दोघंही ओलेचिंब आणि टोपीला एक थेंब लागलेला नाही. साडूंनी ट्रे पुढे केला. थोरल्याने आधी ग्लासाकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग भावाच्या चिखलाने भरलेल्या धोतराकडे. घोंगड्यातली कोकरं गड्याकडे देऊन त्याने ग्लास दोन्ही हातांत घेतला. त्या गारठ्यात ग्लासाची ऊब सोडवेना म्हणूनच बहुधा. मग तोंडाला लावला.

साडू बघत होते.

थोरल्याच्या मिशीवर मलईची पांढरी रेघ उमटली. त्याने ग्लास खाली घेतला, हुंगला. "ह्यात दारू हाय."

"आहे."

"आन तू? तू किती घेतलीस?"

मी मराठीचा मास्तर. तो 'तुमी'वरून 'तू'वर आला ते मला ऐकू आलं, पण त्याला स्वतःला ते कळलं नसावं. त्याच्या आवाजात राग होता.

"मी घेत नाही," साडू म्हणाले.

"आज न्हाई घेतली आसशील."

"कधीच नाही घेतली. मी पुण्याला निघालो तेव्हा आबांनी भंडारा उचलायला लावला होता. कुणाला सांगू नको म्हणाले होते, म्हणून सांगितलं नाही."

पाऊस छत्रीवर वाजत होता. थोरल्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "मग त्या दिवशी?" तो म्हणाला. "कोटाला वास येत व्हता तुज्या."

"भरलेला ट्रे अंगावर सांडला होता. कपडे बदलत बसलो असतो तर पहिली गाडी गेली असती."

"ह्ये तवाच बोलायचं व्हतं की."

"तुम्ही पाणी दिलंत, मी घेतलं," साडू म्हणाले.

थोरल्याने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मेंढरांकडे पाहिलं. मग एकदम विचारलं, "न चाखता तुला कसं रं कळतं, बरं झालंय का वाईट?"

"समोरच्याच्या तोंडावरून."

"मग माज्या तोंडावर काय दिसतंय?"

साडूंनी नीट पाहिलं. अगदी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, मान कलवून. "साखर जास्त झालीये," ते म्हणाले. आणि मग, हॉटेलातला तो सगळा गुळगुळीतपणा गळून पडलेल्या आवाजात, "आणि थंडी वाजतेय तुम्हाला. मेंढरं आत घ्या, दादा."

थोरल्याने ग्लास रिकामा केला, मिशी पुसली, ग्लास माझ्या हातात दिला आणि गड्याला हाक मारली, "जाळी काढ रं! पत्र्याखाली न्यायची!"

संध्याकाळपर्यंत सगळा कळप चाळीत होता. अशक्त कोकरं अक्काने स्वयंपाकघरात घेतली. चुलीपुढे पोती अंथरली, जुन्या लुगड्यांनी त्यांची अंगं पुसली, आणि न गेलेलं ते किटलीभर दूध कोमट करून त्यांना पाजलं. काही वाचली, काही नाही वाचली. जी गेली ती थोरल्याने आणि साडूंनी मिळून चाळीमागे पुरली. फावडं साडूंच्या हातात आलं तेव्हा त्यांना पाठीमागे हात बांधता येईना, आणि कॉफी सोडून दुसऱ्या कामात त्यांचे दोन्ही हात एकदम गुंतलेले मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. पाऊस थांबेपर्यंत थोरला तिथेच राहिला. ऊन पडल्यावर लोकर वाळली, आणि घाटाकडे निघण्याआधी कळप साडूंच्या रानात बसला. अक्का सांगते, त्या वर्षीचा गहू बघायला लांबून लोक आले. अक्काला वाढवून सांगायची सवय आहे, पण गहू चांगला होता हे खरं.

पुढची वर्षं थोरला येताना आणि जाताना मुक्कामाला राहायचा. कॉफी मागायचा नाही. ओसरीवर बसून वारा कसा सुटलाय, अंगात कशी कणकण आहे, असं बोलत राहायचा, आणि साडू उठून पाणी तापत ठेवायचे. कोकणात दुसऱ्या मेंढक्यांनी चहा दिला की तो म्हणायचा म्हणे, "चा बरा हाय. पर त्येला टोपी न्हाई." अक्का अजूनही सायीवरून भांडते. मात्र थोरले भाऊजी यायच्या आदल्या दिवशी भांडत नाही.

गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले. मुलं चाकणला कंपनीत, मेंढरांमागे जायला कुणी तयार नाही. कळप विकला. ज्या दिवशी दिला त्या दिवशी तो आळ्याला येऊन राहिला, निमगावात थांबवेना म्हणून. यंदा दिवाळीनंतर मी गेलो होतो, तेव्हा सकाळी तो साडूंना म्हणाला, "चल, रस्त्यावर जाऊ." आम्ही तिघं चालत कल्याण रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. पूर्वेकडून एक कळप येत होता, परक्याचा. पुढे घोड्यांवर संसार लादलेला, कोंबड्या बांधलेल्या, बायका पायी, मागे धुळीत मेंढरं. थोरला काठीवर रेलून बघत होता. कुठली दमलेली, कुठली गाभण, कुठल्या मेंढीचा खूर दुखतोय, हे तो स्वतःशीच पुटपुटत होता. साडू आणि मी ऐकत होतो.

तेवढ्यात एक मेंढी कळपातून फुटली आणि हिरव्या पाल्याच्या आशेने डांबरावर आली. समोरून ट्रक. मेंढका लांब होता. थोरल्याने काठी उचलली, पण त्याचे गुडघे उचलले नाहीत. आणि माझ्या शेजारून, टाळूपासून निघालेली, चढत गेलेली एक लांब आरोळी उठली. शब्द नव्हते तिच्यात. मेंढी जागच्या जागी वळली आणि कळपात शिरली. ट्रक हॉर्न देत निघून गेला.

मी साडूंकडे पाहिलं. ते लाजले होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला, टोपी सारखी केली, आणि जणू कुणाच्या टेबलावर काही सांडलंय अशा चेहऱ्याने म्हणाले, "क्षमा करा."

"इसरला न्हाईस की," थोरला म्हणाला. त्याने भावाच्या खांद्यावर हात टाकला, थोडा आधारासाठी आणि थोडा तसाच. कळप घाटाच्या दिशेने वळणाआड गेला. गळ्यातल्या घंटांचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळत गेला आणि मग नुसतेच ट्रक राहिले. दोघं भाऊ तरी तिथेच उभे होते.